जर्मनी: यू-8 तपासणीनंतर मुलाला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलंय, ही चिठ्ठी कशी वाचायची?

रानजाई

नमस्कार मंडळी. मुलाला चार वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना आहे. यू-8 (या वयात होणारी मुलांची ठरलेली आरोग्यतपासणी) झाली आणि किंडरआर्त्स्टने, म्हणजे मुलांच्या डॉक्टरांनी, हातात उबरवायझुंग (दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी) दिली. बोलणं घाईत झालं. "कान" आणि "बोलणं" एवढंच पदरात पडलं. घरी आम्ही मराठीच बोलतो, मुलगा वर्षभर किटामध्ये (बालवाडीत) जातोय. आमचा विमा सरकारी आहे.

चिठ्ठीवर छापील आणि टाइप केलेलं जे दिसतंय ते असं:

वर "कुराटिव्ह"च्या चौकोनात फुली. "उबरवायझुंग आन" पुढे हा-एन-ओ / पेडआउडिओलोगी. "मिट-/वाइटरबेहांडलुंग"च्या चौकोनात फुली.

निदानाच्या रकान्यात: "व्ही. ए. शाललाइटुंग्सश्वेरहोरिशकाइट बी-डी-एस, एच 90.0 व्ही बी. पाउकेनएर्गुस बी-डी-एस, एच 65.9 जी बी. व्ही. ए. आडेनोइडे, जे 35.2 व्ही. एफ 80.9 व्ही."

बेफुंडच्या रकान्यात: "आउडिओमेट्री आउफफेलिश, ट्रोमेलफेल मॅट, झोन्स्ट ओ. बी."

आउफत्रागच्या रकान्यात: "एम. डी. बी. यू. आबक्लेरुंग, जी-जी-एफ मिटबेहांडलुंग."

फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने "बहिरेपणा", "पॉलिप" आणि "विकास विकार" असे शब्द दाखवले. आजी-आजोबांना काय सांगायचं तेही कळत नाहीये. ही तीन वेगळी दुखणी आहेत का? एच 90.0 म्हणजे बहिरा आहे असं डॉक्टरांनी ठरवलंय का? आणि आता पुढे नेमकं काय करायचं?

---

निळी_शाई

रानजाई, आधी एक श्वास घ्या. उबरवायझुंग म्हणजे निकाल नव्हे. एका डॉक्टरने दुसऱ्याला विचारलेला प्रश्न आहे तो. हे धरून वाचलं की सगळा कागद वेगळा दिसतो.

वाचायला सुरुवात खालून करा, आउफत्रागच्या (काय काम करायचं त्याच्या) ओळीपासून. "एम. डी. बी. यू." म्हणजे "मिट डेर बिटे उम", अमुक करावं ही विनंती. "आबक्लेरुंग" म्हणजे छडा लावणं. "जी-जी-एफ" म्हणजे गरज पडली तर. पूर्ण ओळ अशी: "कृपया तपासून नक्की काय आहे ते ठरवावं, आणि गरज असेल तर उपचारही करावेत." डॉक्टरांना खात्री असती तर "आबक्लेरुंग" लिहिलंच नसतं.

आता निदानाचा रकाना. सगळ्यात महत्त्वाचं अक्षर कोडच्या शेवटी असतं आणि नेमकं तेच ॲप गिळून टाकतं. व्ही म्हणजे फेरडाख्ट, संशय. जी म्हणजे गेझिशर्ट, खात्रीचं. ए म्हणजे आउसगेश्लोसेन, ही शक्यता बाद झाली. झेड म्हणजे पूर्वी होतं, आता त्याच्या नंतरची स्थिती. त्यापुढचं आर, एल, बी हे उजवा, डावा, दोन्ही. मजकुरातलं "बी-डी-एस" म्हणजेही दोन्ही बाजू. आणि मजकुराच्या सुरुवातीचं "व्ही. ए." म्हणजे "फेरडाख्ट आउफ", अमुकचा संशय; त्यातल्या ए चा बाद होण्याशी संबंध नाही.

या हिशोबाने तुमच्या मुलाचं असं होतं:

एच 65.9 जी बी: दोन्ही कानांच्या पडद्यामागे द्रव साठलाय, आणि हे एकच खात्रीचं आहे. हा कोड पू नसलेल्या साठ्याचा आहे, म्हणूनच बहुधा अँटिबायोटिक दिलेलं नाही. "ट्रोमेलफेल मॅट" हा त्याचाच पुरावा: कानाचा पडदा नेहमीसारखा चमकदार दिसला नाही.

एच 90.0 व्ही बी: आवाज आत पोचवण्याच्या वाटेत अडथळा असल्याने दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असावं, असा संशय. इथे "शाललाइटुंग" हा भाग दिलासा देणारा आहे. अडचण वाटेत आहे, आतल्या मज्जातंतूत आहे असं कोणी म्हटलेलं नाही. पडद्यामागे द्रव असेल तर पडदा मोकळा हलत नाही आणि आवाज दबून आत जातो. साधारण 20 ते 40 डेसिबलचा फरक पडतो. दोन्ही कानांत बोटं घालून घरातलं बोलणं ऐकून बघा, कल्पना येईल. जवळचं मोठ्याने बोललेलं कळतं, पाठमोरं हळू बोललेलं निसटतं.

जे 35.2 व्ही: नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असणारी अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढली असावी, असा संशय. जर्मन माणसं तिला बोलण्यात सर्रास "पोलिपेन" म्हणतात. आपल्याकडच्या "नाकातला पॉलिप"शी तिचा संबंध नाही, आणि कर्करोगाशी तर अजिबात नाही. मधल्या कानाला हवा पुरवणारी नळी नाकाच्या मागे उघडते. तिच्या तोंडाशी ही गाठ वाढली की हवा जात नाही, आणि मग कानात द्रव साठतो.

एफ 80.9 व्ही: बोलण्याच्या किंवा भाषेच्या वाढीत काही अडचण असावी, असा संशय. कोणती ते ठरवलेलं नाही. शेवटचा 9 हेच सांगतो.

म्हणजे तीन दुखणी नाहीत, एकाच साखळीचे दुवे असण्याची शक्यता आहे: गाठ, त्यामुळे द्रव, त्यामुळे कमी ऐकू येणं, त्यामुळे बोलणं मागे. डॉक्टरांनी साखळीतला एक दुवा पाहिलाय आणि बाकीचे तपासायला सांगितलेत.

बेफुंड म्हणजे तपासणीत जे सापडलं ते. "झोन्स्ट ओ. बी." म्हणजे "बाकी ओहने (विना) बेफुंड", बाकी सगळं ठीक. इथे बरेच पालक घाबरतात, कारण "बेफुंड नाही" हे वाचून तपासणीच झाली नाही असं वाटतं. "उनआउफफेलिश" दिसलं तरी काही वावगं नाही असाच अर्थ. "आउफफेलिश" म्हणजे काहीतरी लक्षात आलं, आणखी बघायला हवं; तुमच्या चिठ्ठीत ते आउडिओमेट्रीबद्दल, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीबद्दल आहे. "नेगाटिव्ह" हा शब्द आला तर तो चांगला: जे शोधत होतो ते सापडलं नाही.

ॲप वापरायचंच असेल तर फोटो थेट देऊ नका. संक्षेप आधी पूर्ण शब्दांत टाइप करा आणि मग भाषांतर करा. नाव, जन्मतारीख, विमा क्रमांक झाकून ठेवा. कोडचा साध्या भाषेतला अर्थ सरकारच्या "गेझुंड डॉट बुंड डॉट डी-ई" या संकेतस्थळावर शोधता येतो. जाता जाता, जर्मन कागदावर दशांशाला स्वल्पविराम असतो. वजन 15,2 लिहिलं असेल तर ते सव्वापंधरा किलोच्या आसपास. औषधाच्या मात्रेत हे विसरू नका.

आजी-आजोबांना एवढंच सांगा: "कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय, लहान मुलांत हे फार आढळतं, त्याचं ऐकणं तपासायला पाठवलंय." यात काही लपवलेलं नाही आणि वाढवलेलंही नाही.

---

गल्लीतला_दिवा

अर्थ वर आलाच आहे, मी अपॉइंटमेंटचं लिहितो, कारण घोडं सहसा तिथे अडतं.

चिठ्ठीवर दोन नावं आहेत, हा-एन-ओ आणि पेडआउडिओलोगी. पहिला नाक-कान-घसा डॉक्टर, तो सहज मिळतो. दुसरा मुलांचं ऐकणं आणि बोलणं यांतला तज्ज्ञ. तो कमी ठिकाणी असतो, बऱ्याचदा मोठ्या इस्पितळात, आणि तिथे रांग लांब. चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन करून विचारा की आधी कोणाकडे जायचं. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन वेगळ्या उबरवायझुंग लागतात, एकावर काम भागत नाही.

मग चिठ्ठीवर कुठे 12 अक्षर-अंकांचा कोड आहे का बघा, चार-चारच्या तीन गटांत. छापलेला असतो किंवा स्टिकर असतो. तो असेल तर 116117 (डॉक्टरांची वेळ मिळवून देणारी सेवा) वर फोन करून किंवा त्यांच्या संकेतस्थळावर कोड घालून वेळ मागता येते. त्यांनी आठवड्याभरात वेळ सुचवायची असते, आणि ती पुढच्या चार आठवड्यांतली असावी लागते. डॉक्टर आपल्याला निवडता येत नाही, दवाखाना लांबचाही मिळू शकतो. कोड नसेल आणि सगळीकडून तीन-चार महिन्यांनंतरच्या तारखा मिळत असतील तर किंडरआर्त्स्टकडे परत जा आणि "उबरवायझुंग मिट फेरमिटलुंग्सकोड", म्हणजे हा कोड असलेली चिठ्ठी, मागा. तो द्यायचा की नाही हे डॉक्टर निकड पाहून ठरवतात. आणखी एक वाट असते: किंडरआर्त्स्टचा दवाखाना स्वतःच तज्ज्ञाकडे फोन करून वेळ घेऊन देतो. विचारल्याशिवाय कोणी हे सांगत नाही, म्हणून विचारा.

फोनवर लांबलचक माहिती देऊ नका. एवढं बोललं की पुरतं: "माइन किंड इस्ट फास्ट फिअर. विअर हाबेन आइने उबरवायझुंग फोम किंडरआर्त्स्ट. फेरडाख्ट आउफ श्वेरहोरिशकाइट. विअर ब्राउखेन आइनेन टेर्मिन." (मूल जवळजवळ चार वर्षांचं आहे, मुलांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, कमी ऐकू येत असल्याचा संशय आहे, आम्हाला वेळ हवी आहे.) पुढे काय विचारतील तेही ठरलेलं असतं: नाव, जन्मतारीख, विमा कंपनी, आधी इथे आलात का. जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, आणि नाव मुलाच्या विम्याच्या कार्डावर आहे तसंच सांगा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि कार्डावर नाही, असं आपल्याकडच्या मुलांचं बरेचदा होतं. मग एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात आणि रिपोर्ट भलतीकडे जाऊन पडतो.

तिमाहीचा घोळही असतो. इथलं बिलिंग क्वार्टालवर चालतं: जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, असं. सप्टेंबरमध्ये लिहिलेली चिठ्ठी ऑक्टोबरमध्ये नेली म्हणून बाद होत नाही, पण काही दवाखाने नवीनच मागतात. वेळ घेतानाच विचारून ठेवा. कार्ड मात्र नव्या तिमाहीत पुन्हा मशीनमध्ये घालावं लागतं, ते विसरून गेलात तर अडून बसतात.

जाताना न्यायचं: मुलाचं स्वतःचं विम्याचं कार्ड (आई-बाबांचं चालत नाही), ही चिठ्ठी, पिवळी वही म्हणजे गेल्बेस हेफ्ट, आधीचे कानाचे कागद, घेतलेल्या औषधांची नावं. पिवळ्या वहीत जन्मानंतर झालेल्या श्रवणचाचणीची नोंद असते. ती तेव्हा नॉर्मल असेल तर तज्ज्ञाला फार मोठी माहिती मिळते. जन्म भारतात झाला असेल आणि तिथे चाचणी झाली असेल तर तो कागद शोधून ठेवा.

खासगी विमा असलेल्यांना सहसा उबरवायझुंग लागत नाही, पण डॉक्टरांचं पत्र तरीही न्यावं.

---

रानजाई

निळी_शाई, गल्लीतला_दिवा, किती मोठं काम केलंत! कोड चिठ्ठीवर नाहीये, उद्या फोन करते. एक विचारायचं राहिलं. मुलाला जर्मन अजून फारसं येत नाही. ऐकण्याची चाचणी जर्मनमध्ये घेतली तर तो उत्तरंच देणार नाही आणि "ऐकू येत नाही" असं लिहून देतील, ही भीती वाटते. शिवाय किटामधल्या बाई म्हणाल्या की घरी जर्मन बोलायला लागा.

---

कर्णफूल

भीती रास्त आहे, पण ती सगळ्या चाचण्यांना लागू नाही. कोणत्या चाचणीत भाषा लागते आणि कोणत्या नाही, हे माहीत असलं की तिथे नीट बोलता येतं.

पहिली बहुधा टिंपानोमेट्री. कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक लावतात, हवेचा दाब किंचित बदलतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. काही सेकंदांचं काम. मुलाने काहीच बोलायचं नसतं, फक्त रडू नये, गिळू नये, हलू नये. कागदावर डोंगरासारखी वर गेलेली रेघ आली तर टाइप ए, ठीक. सपाट रेघ म्हणजे टाइप बी, पडद्यामागे द्रव. शिखर आहे पण बाजूला सरकलंय, तर टाइप सी, म्हणजे आत दाब कमी आहे, नळी नीट उघडत नाही.

दुसरी ओ-ए-ई. कानात छोटा आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतात. यातही भाषा नाही. द्रव असेल तर बहुतेक वेळा प्रतिसाद मिळतच नाही. तेवढ्यावरून आतल्या कानात दोष आहे असा अर्थ काढायचा नसतो.

तिसरी श्पीलआउडिओमेट्री, खेळातली चाचणी. हेडफोनमधून "पीप" आली की मुलाने एक ठोकळा डब्यात टाकायचा किंवा खुंटी फळीत खोवायची. इथेही जर्मन लागत नाही, पण खेळाचा नियम कळायला हवा, आणि तो तिथे जर्मनमध्ये सांगतात. म्हणून नियम घरीच मराठीत शिकवून न्या. एक वाटी, दहा-बारा राजमा किंवा ठोकळे घ्या. मूल हातात एक दाणा धरून कानाशी नेतं, तुम्ही त्याच्या पाठीमागून टिचकी किंवा मोबाइलवरची बारीक पीप वाजवता, आवाज आला की दाणा वाटीत. आवाज नसताना थांबायचं, हेही शिकवा. खरी मेख तिथेच असते. वाट न बघता दाणे टाकत सुटलेल्या मुलाचा आलेख भरवशाचा येत नाही आणि पुन्हा बोलावतात. चाचणी चालू असताना मात्र मुलाच्या मागे बसा आणि आवाज आल्यावर मान हलवू नका, डोळे मोठे करू नका. मुलं आवाजाऐवजी आपला चेहरा ऐकतात.

चौथी बोलण्याची चाचणी, उदाहरणार्थ मायन्झर किंडरश्प्राखटेस्ट. रेकॉर्ड केलेले जर्मन शब्द ऐकवतात, मुलाने तो शब्द म्हणायचा किंवा चित्र दाखवायचं. तुमची भीती खरी ठरते ती इथे. "बाल" (चेंडू) ऐकू आलं तरी त्याचा अर्थ माहीत नसेल तर चित्र दाखवता येणार नाही. चाचणी सुरू होण्याआधी सांगा: "एर श्प्रिख्ट झू हाउझे मराठी, डॉइच एर्स्ट झाइट आइनेम यार." (तो घरी मराठी बोलतो, जर्मन वर्षभरापासूनच.) मग हा भाग गाळतात, किंवा निकालापुढे भाषेची नोंद करतात. आणि नंतर कागदावर "श्प्राखआउडिओमेट्री" फार वाईट, पण खेळातली चाचणी बऱ्यापैकी असं दिसलं, तर त्या फरकाबद्दल जरूर विचारा.

आलेख हाती पडला की: उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. वर म्हणजे चांगलं, रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतंय. रेघ 20 डेसिबलच्या आसपास किंवा आलेखात त्याच्या वरच्या बाजूला असेल तर ठीक. कानामागच्या हाडावर ठेवलेल्या यंत्राची दुसरी रेघ असेल आणि ती वर, तर हेडफोनची रेघ खाली, असं अंतर दिसलं तर अडथळा वाटेतच आहे. चिठ्ठीवरच्या एच 90.0 मागच्या संशयाचं उत्तर याच अंतरात मिळतं.

आता आपल्या घरातली एक सवय. तपासणीच्या आधी कानात तेल घालू नका. कोमट खोबरेल, लसूण घातलेलं तेल, काहीही नको. तेलाने पडदा नीट दिसत नाही आणि चाचणीचं टोक बसत नाही. पुढे ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवलं तर पडद्यात भोक असणार, तेव्हा तर तेल थेट मधल्या कानात उतरेल. आजीलाही हे आधीच सांगून ठेवा. आणि इअरबडने मळ काढायला जाऊ नका, तो आणखी आत ढकलला जातो.

घरून एक गोष्ट रेकॉर्ड करून न्या: मूल झोपलेलं असताना मिनिटभराचा व्हिडिओ. तोंड उघडं आहे का, घोरतंय का, श्वास मध्येच थांबतोय का. अ‍ॅडिनॉइडसाठी डॉक्टर हमखास हेच विचारतात, आणि "झोपेत घोरतो" हे परक्या भाषेत समजावत बसण्यापेक्षा व्हिडिओ पुढे करणं सोपं.

---

शब्दवेल

"घरी जर्मन बोला" याबद्दल मला ठाम सांगायचंय: मराठी सोडू नका. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. फक्त जर्मनमध्ये मागे आणि मराठीत वयाला साजेसं बोलणं, तर ते जर्मन कमी ऐकल्यामुळे. एफ 80.9 पुढचं व्ही उडणार की राहणार हे यावरच ठरतं. आणि मराठीत मूल कसं बोलतं हे त्या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत असतं.

म्हणून जाण्याआधी एक पान लिहून ठेवा. मुलाची पाच-सहा मराठी वाक्यं, जशी बोलतो तशीच, चुका न सुधारता, आणि खाली साध्या इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये अर्थ. "आई मला पाणी दे ना", "बाबा ऑफिसला गेला, मग येणार" अशी तीन-चार शब्दांची, क्रियापदाची रूपं बदलणारी वाक्यं येत असतील तर ते लिहा. नुसते सुटे शब्दच येत असतील तर तेही लिहा. दोन वर्षांचा असताना सगळ्या भाषा मिळून 50 शब्द येत होते का, दोन शब्द जोडत होता का, हेही विचारतील. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. "पाणी" आणि "वासर" दोन्ही येत असतील तर दोन्ही धरा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही न्या. समोरच्याला मराठी येत नसली तरी वाक्याची लांबी, ओघ, अडखळणं ऐकू येतं.

उच्चारांचं एक लक्षात ठेवा. मराठीत ट-ड-ण-ळ जीभ वळवून होतात, जर्मनमध्ये ते नाहीत. आपला मुलगा जर्मन "टी"चा उच्चार "ट" करतो ती उच्चाराची चूक नव्हे, मराठीची छाप आहे, आणि लोगोपेडिनला (बोलण्याचे उपचार, म्हणजे लोगोपेडी, करणाऱ्या बाईंना) हे सांगितलेलं बरं. मराठी बोलताना मात्र "साखर"चं "आखर", "फुगा"चं "उगा" होत असेल, शब्दाच्या तोंडचा स, श, फ गळत असेल, तर ते नक्की लिहा. हे आवाज मुळात हळू असतात, कान दबलेला असला की तेच आधी निसटतात.

लोगोपेडी लागलीच, तर तिची चिठ्ठी वेगळी असते: हाइलमिटेलफेरओर्डनुंग. ती लिहिल्यापासून 28 दिवसांत पहिलं सत्र व्हायला हवं, निकडीची म्हणून खूण असेल तर 14 दिवसांत. नाहीतर ती रद्द. लोगोपेडीच्या रांगा लांब असतात, म्हणून चिठ्ठी घेऊन वणवण करू नका. आधी दवाखान्यांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला, तारीख नक्की झाली की मग चिठ्ठी लिहून घ्या. 18 वर्षांखालच्या मुलांना यात पदरचे पैसे भरावे लागत नाहीत.

---

गल्लीतला_दिवा

दुभाष्याबद्दल. मराठी दुभाष्याचा खर्च सरकारी विमा सहसा देत नाही. वेळ घेतानाच विचारा, डॉक्टर इंग्रजी बोलतात का. डॉक्टर बहुतेकदा बोलतात, रिसेप्शनवर अडतं. जर्मन येणाऱ्या मित्राला फोनच्या स्पीकरवर घ्यायचं असेल तर डॉक्टरांची परवानगी घेऊन घ्या. मोठ्या भावा-बहिणीला दुभाषी करू नका, ते अर्धं गाळतात आणि त्यांच्यावर उगाच ओझं पडतं.

निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: काय सापडलं, तोवर घरी काय करायचं, पुन्हा कधी यायचं. आणि म्हणा, "बिटे आइने कोपी फोम बेफुंड फ्युर उन्स" (रिपोर्टची एक प्रत आम्हालाही द्या). रिपोर्ट किंडरआर्त्स्टकडे जातो, आपल्याकडे आपोआप येत नाही. मागण्याचा हक्क आहे, संकोच नको.

---

निळी_शाई

पुढे काय होऊ शकतं तेही थोडं लिहिते, म्हणजे तिथे ऐकलेले शब्द नवे वाटणार नाहीत.

पुष्कळदा डॉक्टर काहीच करत नाहीत, "तीन महिन्यांनी या" म्हणतात. हे टाळाटाळ म्हणून नाही. पडद्यामागचा द्रव बहुतेक मुलांत तेवढ्या काळात आपोआप ओसरतो. "आबवार्टेन" (वाट बघणं) किंवा "कोंट्रोले इन द्राय मोनाटेन" (तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी) हे शब्द ऐका. मधल्या काळात नाकाने फुगवायचा फुगा देतात. एक नाकपुडी बंद करून दुसरीने फुगवायचा, म्हणजे नळीत हवा जाते. सर्दी भरलेली असताना तो करायचा नाही. किटामध्ये सांगून ठेवा की त्याला पुढे बसवावं आणि समोर येऊन बोलावं.

तीन महिन्यांनीही द्रव तसाच आणि ऐकणं कमी, तर गाठ काढणं म्हणजे आडेनोटोमी, पडद्याला बारीक छेद म्हणजे पारासेंटेझे, आणि लागलं तर पाउकेनरोरशेन, आपल्याकडचं ग्रोमेट. हे पूर्ण भूल देऊन होतं, बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात. ग्रोमेटची नळी साधारण सहा महिने ते वर्षभरात आपणच बाहेर पडते.

संमतीच्या कागदाबद्दल. शस्त्रक्रियेची माहिती पालकांना समजेल अशी देणं आणि सही केलेल्या कागदाची प्रत हातात देणं हे जर्मन कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कळलं नसेल तर सही करू नका, इंग्रजी प्रत मागा. अनेक ठिकाणी दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. कोणी भारतात जाणार असेल तर आधीच सही किंवा लेखी अधिकारपत्र देऊन जा, नाहीतर ऐन सकाळी शस्त्रक्रिया रद्द होते.

रद्द होण्याचं दुसरं कारण दूध. "न्युख्टर्न" म्हणजे उपाशीपोटी. जेवण सहसा सहा तास आधी बंद. दूध पातळ दिसलं तरी पोटात ते जेवणासारखंच धरतात, म्हणून सकाळचा कपभर दूध-बोर्नव्हिटा अजिबात नाही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भुलीचे डॉक्टर कागदावर लिहून देतात, तेच पाळा. घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास, मुलाला चालू असलेली आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीची औषधं, सगळं त्या प्रश्नावलीत लिहा.

सुट्टीला भारतात जाणार असाल तर तारीख आधी सांगा. गाठ काढल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत रक्तस्रावाची शक्यता असते, त्या काळात लांबचा प्रवास ठेवत नाहीत. नळी बसवलेली असेल तर विमानात कान दुखण्याची काळजी नसते, दाब तिच्यातून सारखा होतो.

आणि वाट बघायची नाही ती वेळ: कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, ताप आणि जोराची कानदुखी एकदम, चेहऱ्याची एक बाजू वाकडी, किंवा झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबतोय. त्यात दवाखाना बंद असेल तर 116117, मूल निपचित वाटलं किंवा श्वासाचा त्रास झाला तर सरळ 112.

---

रानजाई

सकाळी फोन केला. आधी हा-एन-ओकडे जायचंय, कोडची चिठ्ठी दुपारी तयार ठेवतील म्हणाले, आणि पेडआउडिओलोगीची वेगळी देतील. राजम्याचा खेळ सुरू केलाय. झोपेचा व्हिडिओ रात्री काढते. तेलाची बाटली आजीने स्वतःच कपाटात ठेवली.

---

कर्णफूल

छान. खेळ एका वेळी पाच मिनिटंच घ्या, कंटाळा आला की लगेच थांबा. आणि चाचणीच्या दिवशी सर्दी जोरात असेल तर आधी फोन करून विचारा. ताज्या सर्दीत पडद्यामागे द्रव येऊ शकतो, मग नेहमीचं ऐकणं किती ते त्या आलेखावरून कळत नाही. काही डॉक्टर तरीही बघतात, काही दोन आठवडे पुढे ढकलतात.